साहेबांचा आवाज आणि बॉयलरची काच

काचेत पाणी निम्म्यावर होतं. स्क्रीनवर तेच पाणी बावीस टक्के दिसत होतं. दोन्हींतलं एक खोटं होतं आणि कोणतं खोटं ते मला ठरवायचं होतं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. यार्डात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. त्या दिवशी चोवीस तासांत हंगामातलं सर्वांत जास्त गाळप करायचं, असं आमच्या जनरल मॅनेजरांनी चेअरमनना सांगून ठेवलं होतं.

शिरूर आणि दौंडच्या मध्ये, नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात एक खासगी साखर कारखाना आहे. तिथं मी बॉयलरचा इनचार्ज होतो. कामगार मला बापू म्हणायचे, वरचे साहेब कोळपे. गाव निमोणे. वडिलांच्या तरुणपणापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, पुढं शेती आली. वाफेच्या धंद्यात आलेला मी घरातला पहिलाच.

बॉयलर म्हणजे काय ते आधी सांगतो. उसाचा रस काढून राहिलेला चोथा, म्हणजे बगॅस, आम्ही भट्टीत जाळतो. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या शेकडो नळ्या. वर पाच मजल्यांच्या उंचीवर एक मोठी आडवी टाकी असते, तिला ड्रम म्हणतात. ड्रममधलं पाणी नळ्यांतून फिरतं आणि त्याची वाफ होते. त्या वाफेवर टर्बाइन, मिल, रस आटवायची भांडी, सगळा कारखाना चालतो. ड्रममध्ये पाणी निम्म्यावर पाहिजे. ते फार खाली गेलं तर नळ्या कोरड्या पडतात. चुलीवर रिकामं पातेलं विसरावं तसं. फरक एवढाच, की पातेलं जळतं आणि नळी फुटते. आत वाफेचा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या वीसपट असतो. नळी फुटली तर भट्टीसमोर उभी असलेली माणसं घरी जात नाहीत.

ड्रममधलं पाणी बघायची सोय दोन प्रकारची. ड्रमला बाहेरून डाव्या-उजव्या बाजूला एकेक जाड काच बसवलेली असते, तिच्यात पाणी डोळ्यांनी दिसतं. आणि एक इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, ट्रान्समीटर. ते खाली कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर टक्के दाखवतं.

कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारी पठारे बसला होता. पस्तिशीचा, हुशार ऑपरेटर. मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे बावीस कधीपासून?"

"ते नेहमीचंच आहे बापू. ट्रान्समीटर येडा झालाय ना. मी फीड मॅन्युअलला घेतलंय. काचेवरनं चालवतोय."

फीड म्हणजे ड्रममध्ये जाणारं पाणी. यंत्रावर सोडलं असतं, तर बावीस टक्के बघून त्यानं आपोआप पाणी वाढवलं असतं. पण यंत्रावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. वर ड्रमच्या मजल्यावर बबनमामा उभे असायचे. ते काच बघून वॉकीटॉकीवर सांगायचे आणि पठारे तेवढंच पाणी सोडायचा.

मी वॉकीटॉकी उचलला. "मामा, लेव्हल?"

"मिडल हाय साहेब."

"काच ब्लो केली का?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग आवाज आला. "व्हय साहेब. सकाळीच केली. ओके हाय."

काच ब्लो करणं म्हणजे तिच्या खालचा कॉक उघडून आतलं पाणी झटक्यात बाहेर सोडणं. कॉक बंद केला की पाणी लगेच परत वर यायला पाहिजे. आलं, तर काच खरी. गाळानं खालची वाट बुजली असेल, तर काचेत जुनंच पाणी अडकून बसतं आणि ड्रम रिकामा झाला तरी काच निम्मी भरलेली दिसते. म्हणून दर शिफ्टला काच ब्लो करायची आणि रजिस्टरला नोंद करायची. रजिस्टर माझ्या टेबलावरच होतं. तीन आठवड्यांची पानं चाळली. प्रत्येक शिफ्टला "ओके". प्रत्येक पानाखाली माझी सही.

हे सगळं इथपर्यंत कसं आलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जगदाळे साहेब त्याच हंगामात जनरल मॅनेजर म्हणून आले. माणूस कामाचा. सकाळी सहाला कारखान्यात हजर. कामगारांच्या कँटीनमध्येच जेवायचे. मशीनरीतलं कळायचं त्यांना. पण आवाज फार मोठा. रोज नऊला मीटिंग. तिथं ज्याच्या खात्यात काही अडलं असेल, त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. एक वाक्य ठरलेलं. "कारणं नकोत, रिझल्ट सांगा."

पहिले पंधरा दिवस आम्हाला बरंच वाटलं. कारखान्याला शिस्त लागली. मशीन बंद पडण्याचं प्रमाण कागदावर कमी झालं. कागदावर, हे आता म्हणतो. तेव्हा आम्हालाही ते खरं वाटत होतं.

बबनमामा गव्हाणे आमचे सगळ्यांत जुने बॉयलर अटेंडंट. दौंडचे. त्यांचे वडील रेल्वेच्या लोको शेडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. मामा म्हणायचे, आमच्या घरात शिट्टी ऐकून दाब सांगत्यात. माणूस तोंडाचा फटकळ. मी इनचार्ज असलो तरी मला चारचौघांत सुनवायचे. "बापू, लोड कमी करा, भट्टी दमलीय," असं सरळ फोनवर. आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं.

हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात मामा उजव्या बाजूची काच ब्लो करत होते. ती तडकली. वाफेचा फवारा सुटला. मामांनी डोकं शांत ठेवून वरखालचे वॉल्व्ह बंद केले. कुणाला काही झालं नाही. पण वॉल्व्ह पूर्ण बसत नव्हते, थोडी वाफ गळतच होती, म्हणून सहा तास कमी दाबावर बॉयलर चालवावा लागला. मिल हळू झाली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या मीटिंगला मामांना बोलावलं. आम्ही पंधरा-वीस अधिकारी खुर्च्यांवर, मामा दाराजवळ उभे. अंगावर बॉयलरचेच कपडे.

"काच कोणी फोडली?"

"फोडली न्हाई साहेब. ब्लो करताना तडकली. आतलं गास्केट जुनं झालं व्हतं. म्या बापूंना सीझनच्या आधी लिहून..."

मामा बोलता बोलता माझ्याकडे वळले. खरं होतं ते. त्यांनी बदलायच्या सामानाची यादी दिली होती, त्यात हे गास्केट, म्हणजे काचेखालची सीलची पट्टी, होतं. ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. जगदाळे साहेबांनी आल्या आल्या ऑफ सीझनच्या खरेदीवरून सगळ्यांना झाडलं होतं. आता पुन्हा नवी मागणी घेऊन कोण जाणार, म्हणून मी ती पुढं पाठवलीच नव्हती.

मी समोरच्या कागदाकडं बघत राहिलो.

"मला कारणं नकोत," साहेब म्हणाले. "तुमचं वय झालं असेल तर सांगा. घरी जाऊन नातवंडं खेळवा."

खोलीत दोघे-तिघे हसले. ते हसू गमतीचं नव्हतं. आपला नंबर आज नाही, याचं होतं. माझेही ओठ हलले असतील. मला खात्रीनं आठवत नाही, आणि आठवायची इच्छाही नाही.

मामांना आठ दिवसांचं सस्पेन्शन मिळालं. परत आले ते दुसरेच मामा. वेळेवर यायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. मला "बापू" म्हणायचं बंद झालं, "साहेब" सुरू झालं. मी एकदा म्हणालो, "मामा, रागावलात का?" ते म्हणाले, "न्हाई साहेब. काम चाललंय." मला तेव्हा वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

उजवी काच बंदच राहिली, काम एकट्या डाव्या काचेवर चालू होतं. नवी आली होती, पण ती बसवायला बॉयलर थंड करावा लागणार होता. म्हणजे मीटिंगला उभं राहून शटडाऊन मागावा लागणार होता. मी आज मागू, उद्या मागू करत राहिलो.

त्यानंतर एक दिवस ट्रान्समीटरनं खोटी लेव्हल दाखवली आणि बॉयलर आपोआप ट्रिप झाला. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की बगॅस आपोआप बंद होऊन आग थांबते, त्याला ट्रिप म्हणतात. माणूस झोपला तरी यंत्र वाचवतं. त्या दिवशी खरंच पाणी कमी नव्हतं, यंत्र चुकलं होतं. दोन तास कारखाना उभा. जगदाळे साहेबांनी मला मीटिंगला उभं केलं.

"कोळपे, हा बॉयलर आहे की रुसलेली नवरी? उठसूट काय बंद पडतो? त्या ट्रिपचं काहीतरी करा."

काहीतरी करा. एवढंच म्हणाले ते. ट्रिप काढून टाका असं म्हणाले नाहीत. पुढं चौकशीतही मी हे स्पष्ट सांगितलं. पण मला ऐकू आलं ते तेच. खाली येऊन मी पठारेला सांगितलं, "ट्रान्समीटर दुरुस्त होईपर्यंत ट्रिप बायपास ठेव." एक वायर लावून त्यानं ती यंत्रणा गप्प केली. ट्रान्समीटर दुरुस्त करणारा माणूस येऊन गेला, त्यानं पाइप साफ केला, आता ठीक आहे म्हणाला. पण बायपास काढायला कोणी सांगितलं नाही आणि मी काढला नाही. पुन्हा ट्रिप झाला असता तर पुन्हा मलाच उभं राहायचं होतं.

माझ्यातही काय बदललंय ते मला माझ्या बायकोनं दाखवलं. एका रविवारी लेक कॉलेजचं काही अडलेलं सांगत होती. मी म्हणालो, "कारणं नकोत, रिझल्ट सांग." लेक उठून आत गेली. बायको म्हणाली, "हे कुणाचं बोलणं घरात आणलंत?"  दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की मी खाली पठारेशी, फायरमनशी, सगळ्यांशी तसंच बोलत होतो. वरून आलेलं जसंच्या तसं खाली वाढत होतो. माझ्या खात्यातूनही मग मला फक्त "ओके" यायला लागलं होतं.

तर सव्वाअकरा.

काच म्हणते निम्मं, यंत्र म्हणतं बावीस. दोघांनाही न विचारता खरं काढायची एक रीत आहे. बॉयलरमधून जेवढी वाफ बाहेर जाते, तेवढं पाणी आत यायला पाहिजे. साधा हिशोब. मी पठारेला दोन्ही ग्राफ एकावर एक लावायला सांगितले.

वाफ ताशी अठ्ठावन्न टन. पाणी एक्कावन्न.

"असं कधीपासून?"

त्यानं ग्राफ मागं सरकवला. साडेदहापासून. रेकॉर्डसाठी मिलचा वेग वाढवला तेव्हापासून वाफ वाढली होती. पाणी आहे तेवढंच राहिलं होतं, कारण वरून काच "मिडल" सांगत होती.

पठारेचा हात माऊसवर थांबला. "बापू, म्हंजी पाणी जायला लागलंय."

"किती राहिलंय?"

त्यानं स्क्रीनकडं बोट केलं. आकडा एकवीस झाला.

त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. जगदाळे साहेब. "कोळपे, प्रेशर एक पॉइंट खाली दिसतंय. मिल कमी करायची नाही हं आज."

"साहेब, ड्रम लेव्हलची शंका आहे. मला बॉयलर थांबवून..."

"काच काय म्हणते?"

"निम्म्यावर."

"मग?"

"काचेवरच शंका आहे."

"शंकेवर कारखाना बंद करता तुम्ही? चेअरमन बारा वाजता येतायत. एक लक्षात ठेवा, आज बॉयलर बंद झाला तर मला तुमचं तोंड दाखवू नका." फोन बंद झाला.

इथं मी जे केलं ते सांगायला मला अजून जड जातं. मी काहीच केलं नाही. तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. परीक्षेत पहिला प्रश्न हाच असतो, लेव्हलची खात्री नसेल तर काय कराल? उत्तर एका ओळीचं. आग बंद करा. मला ते झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं भट्टी नव्हती. उद्याची नऊची मीटिंग होती. मी दाराजवळ उभा आहे आणि खुर्च्यांवरचे लोक हसतायत, एवढंच दिसत होतं. फुटलेली नळी मला चाळीस माणसांसकट मारू शकत होती. मीटिंगमध्ये मेलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. तरी भीती मीटिंगची जास्त होती.

आकडा एकोणीस झाला. बायपास नसता, तर यंत्रानं विसालाच आग थांबवली असती.

मी जिन्याकडं पळालो. पाच मजले. वय त्रेपन्न. वर पोचलो तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता. बबनमामा काचेसमोर टॉर्च घेऊन उभे होते. काचेत पाणी होतं. निम्म्यावर. मी बघत राहिलो. दोन सेकंद, पाच, दहा. ते हललं नाही.

उकळत्या ड्रमचं पाणी कधी स्थिर नसतं. खऱ्या काचेत ते सारखं हलत असतं, श्वास घेतल्यासारखं. हे पाणी बाटलीतल्या पाण्यासारखं उभं होतं.

"मामा, काच कधी ब्लो केली?"

"सकाळी साहेब."

"मामा."

"रजिस्टरला हाय साहेब."

मी त्यांचा दंड धरला. "मामा, त्या दिवशी तुमची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी बोललो नाही. चूक माझी होती. पाया पडतो, आता खरं सांगा. खाली पोरं उभी आहेत."

मामांचे डोळे भरून आले. आवाज एकदम बारीक झाला. "बापू, सस्पेंडवरनं आलो तवापासनं हात लावला न्हाई काचंला. दुसऱ्या पाळीची पोरं बी नुसतं ओके लिहित्यात. कॉकला हात घातला की थरथरतोय. ही बी फुटली तर काय करू? रिटायरला धा महिने ऱ्हायलेत."

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "पठारे, ट्रिप दे. बगॅस बंद. आत्ता."

खरखर. मग त्याचा आवाज. "बापू, साहेबांना विचारलंत का?"

"दे म्हणतो ना!"

"बापू, ते मला... तुम्ही एकदा साहेबांना..."

मला त्याचा राग आला नाही. चार मिनिटांपूर्वी मीही तसाच बसलो होतो. ड्रमच्या मजल्यावर एक लाल बटण असतं, आणीबाणीचं. मामा माझ्या आधी तिकडं वळले. मी त्यांना बाजूला केलं. "माझं नाव लागू द्या," म्हणालो आणि दाबलं.

खाली भट्टीचे पंखे मंदावत गेल्याचा आवाज आला. बगॅसचे फीडर थांबले. मोठा बॉयलर थांबतो तेव्हा आधी आवाज जातो आणि मग लोक वर बघायला लागतात.

मी मामांना म्हणालो, "आता काच ब्लो करू. दोघं मिळून." त्यांनी कॉक धरला, मी त्यांच्या हातावर हात ठेवला. उघडला. पाणी गेलं. बंद केला. आम्ही वाट बघितली. पाणी आलं नाही. तळाशी रेघभरसुद्धा नाही.

आणि त्याच क्षणी मला दुसरी भीती वाटली. मी ओरडलो, "पठारे, फीडला हात लावू नकोस!"

"बापू, मी फुल ओपन करत होतो..."

"बंद कर! एक थेंब सोडायचा नाही!"

हे उलटं वाटेल. पाणी कमी आहे तर पाणी सोडायचं सोडून बंद का? कारण नळ्या किती तापल्यात ते आता कुणालाच माहीत नव्हतं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. तो तवा बंद डब्यात असेल तर डबा फुटतो. पठारेनं घाबरून चूक सुधारायला पाणी सोडलं असतं, तर त्या सुधारण्यानंच आम्ही गेलो असतो.

मी भट्टीसमोरची सगळी माणसं बाहेर काढायला सांगितली. मग आम्ही दोघं जिना उतरलो. मामा माझ्या पुढं, कठडा धरून, एक एक पायरी.

जगदाळे साहेब कंट्रोल रूमच्या दारातच होते. चेहरा लाल. मागं चीफ केमिस्ट, मिलचा इंजिनीअर, आणखी पाच-सहाजण. मिल थांबली होती. यार्डातले ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते.

"कोणी बंद केला?"

"मी."

"मी सांगितलं होतं तुम्हाला फोनवर..."

"काच खोटी निघाली साहेब. ड्रममध्ये लेव्हल नाही."

ते थांबले. मशीनरी कळणारा माणूस होता, वाक्याचा अर्थ लगेच कळला. पण एवढ्या लोकांत मागं यायची सवय नव्हती. ते मामांकडं वळले. "आणि तुम्ही वर काय बघत होता? सकाळपासून ओके ओके कोण सांगत होतं?"

मामा पुढं आले. "म्या साहेब. रजिस्टर खोटं हाय. काय करायचं ती सजा करा."

"सही माझी आहे," मी म्हणालो. "आणि ट्रिप बायपास करायला मीच सांगितलं होतं."

"बायपास?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ट्रिप बायपास होती? कधीपासून?"

"तुम्ही काहीतरी करा म्हणालात तेव्हापासून."

"मी बायपास करा म्हणालो नव्हतो."

"नाही म्हणालात."

पठारे मान खाली घालून बसला होता. साहेबांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. नंतर ते खुर्ची ओढून बसले. त्या हंगामात त्यांना काम चालू असताना खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा मोबाइल वाजत होता, चेअरमनचा असणार. त्यांनी तो उचलला नाही.

बॉयलर थंड व्हायला दीड दिवस गेला. आत उतरून पाहिलं. भट्टीच्या मागच्या भिंतीतल्या अकरा नळ्या फुगल्या होत्या. एक तर गर्भार म्हशीसारखी. सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर आले होते, त्यांनी त्या नळीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "किती उशिरा थांबवला?"

"कळल्यानंतर सहा-सात मिनिटांनी."

"अजून सहा-सात थांबला असतात तर मला इथं पंचनाम्याला यावं लागलं असतं," ते म्हणाले आणि पुढच्या नळीकडं गेले.

त्या संध्याकाळी जगदाळे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एकट्याला. दार लावलं.

"कोळपे, एक विचारतो. खरं सांगा. मला आधी का नाही सांगितलंत? काच बंद आहे, वॉल्व्ह बसत नाहीत, शटडाऊन पाहिजे. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

ते चिडून बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. ज्या माणसाच्या पावलांचा अंदाज घेऊन दोनशे लोक दिवसभर वागत होते, त्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला सांगायची सोय नव्हती."

ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "मला रोज सकाळी पावणेसहाला चेअरमनचा फोन येतो. काल किती गाळप? का कमी? त्यांनाही कारणं नको असतात. तो फोन झाला की चहा जात नाही मला. हंगाम सुरू झाल्यापासून गोळी घेतल्याशिवाय झोप नाही." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "तुम्ही मला जे सांगत नव्हता, तेच मी त्यांना सांगत नव्हतो."

मी अहवाल लिहिला. बायपासचं लिहिलं, ड्रॉवरमधल्या यादीचं लिहिलं, आणि ज्या मीटिंगमध्ये मामांना नातवंडं खेळवायला सांगितलं गेलं, तिचंही लिहिलं. वाटलं होतं, हे पान साहेब काढायला लावतील. त्यांनी सगळा अहवाल वाचला, त्या पानावर थोडे थांबले आणि खाली सही केली. एक शब्द बदलला नाही. मला लेखी ताकीद मिळाली. ती मिळायला पाहिजेच होती. मामांना काही झालं नाही.

बॉयलर पुन्हा पेटवायच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः नऊच्या मीटिंगला मामांना घेऊन आले. या वेळी खुर्ची दिली. म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. गास्केट बदलायला पाहिजे होतं, माणूस नाही." मामा अवघडून बसले होते. नंतर मला म्हणाले, "बोलला बरा. पर त्या दिशी हसलेली तोंडं म्या विसरनार न्हाई."  त्यांतलं एक तोंड माझंही असू शकत होतं.

एका माफीनं भीती गेली असं मात्र झालं नाही. महिनाभर लोक साहेबांच्या तोंडाकडं बघूनच बोलत होते. पण हळूहळू रजिस्टरं भरायला लागली. पंपाचा आवाज येतोय. बेअरिंग गरम आहे. वॉल्व्ह गळतोय. एका आठवड्यात जेवढ्या तक्रारी लिहिल्या गेल्या, तेवढ्या आधीच्या दोन महिन्यांत नव्हत्या. चेअरमननी तो कागद बघून विचारलं, "जगदाळे, कारखाना अचानक एवढा बिघडला कसा?" साहेबांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. चेअरमनना ते पटलं नाही. पुढच्या हंगामाआधी जगदाळे साहेबांच्या जागी दुसरे जनरल मॅनेजर आले.

नव्या साहेबांनी पहिल्याच मीटिंगला सगळ्यांना सांगितलं, "मला प्रॉब्लेम सांगू नका, सोल्यूशन सांगा."

 मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, बॉयलरचे सात प्रॉब्लेम आहेत. चारांचं सोल्यूशन माझ्याकडं आहे. उरलेल्या तिन्हींचं नाही, पण ते आहेत हे तुम्हाला माहीत पाहिजे." आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. मी सातही वाचले.

अधिकाऱ्याचा स्वभाव कसा आहे हे त्याच्या तोंडावरून ओळखायच्या भानगडीत मी आता पडत नाही. मी त्याच्या हाताखालची रजिस्टरं बघतो. फार स्वच्छ असली, तर भट्टीपासून लांब उभा राहतो.